एकेचाळिसावे पान

धाकटीचा फोन आला तेव्हा मी एका दंतवैद्याच्या माहितीपत्रकातील दाढेचे चित्र किंचित डावीकडे सरकवीत होतो. एरवी ती प्रथम ‘जेवलास का’ असे विचारते आणि मग मुद्द्यावर येते. त्या दिवशी तिने ते विचारले नाही. “दादा, त्रैमासिकाचा नववा खंड उघड,” ती म्हणाली. “एकेचाळिसावं पान. आत्ताच्या आत्ता.” तिच्या मागे बरीच माणसे दबक्या आवाजात बोलत होती आणि एक बाई सारखी खोकत होती. त्यावरून ती कामगार अधिकाऱ्यांच्या कचेरीच्या व्हरांड्यात उभी आहे हे मी ओळखले, कारण त्या दिवशी सुनावणी होती आणि तिची साक्ष होती. मी दाढ तशीच सोडली आणि यंत्रावरच त्रैमासिकाचे संकेतस्थळ काढून ते पान उघडले. माथ्यावरची पट्टी माझ्याच हातची होती. निळ्या रेघेवर त्रैमासिकाचे नाव, उजवीकडे ते काढणाऱ्या संशोधन मंडळाचे चिन्ह, खाली खंड, अंक आणि पृष्ठे, सर्व जागच्या जागी. त्या पट्टीखाली जिथे माझ्या बहिणीचा लेख असावयास हवा होता तिथे ‘मोबाइल संच खरेदी करताना तरुण ग्राहकांची रंगविषयक आवड : एक अभ्यास’ असा मथळा होता आणि त्याखाली कोणा परक्या माणसाचे नाव होते. तारीख तीच. पृष्ठेही तीच, एकेचाळीस ते अठ्ठावन्न. मी पान बंद करून पुन्हा उघडले. दार लोटून पुन्हा उघडले तर खोलीत आपले माणूस दिसेल अशी वेडी आशा मनुष्याला वाटते, तसे काहीसे मला वाटले असावे.

“काय दिसतंय?” तिने विचारले.

“मोबाइल.”

“मलाही तेच दिसलं. मालकाच्या वकिलानं भर सुनावणीत साहेबांना दाखवलं. म्हणाला, बाईंनी दिलेल्या पत्त्यावर बाई राहतच नाहीत, तिथं दुसराच भाडेकरू आहे. सगळे हसले.” मागची बाई पुन्हा खोकली. “साहेब म्हणाले, जेवणाच्या सुट्टीनंतर संपादकांचं लेखी आणा, हा लेख इथंच छापला होता म्हणून. नाही आणलं तर तो मुद्दा सोडून पुढं जाऊ. मला इथून हलता येत नाही, बायका घाबरल्यात. तू सरांकडे जा. आणि दादा, भांडू नकोस. मला कागद हवाय, भांडण नकोय.”

मी शटर ओढले आणि निघालो. संपादक सरांचे घर माझ्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्या रस्त्याने मी वर्षानुवर्षे कच्ची पाने घेऊन गेलो आणि दुरुस्त पाने घेऊन आलो. त्या दुपारी त्याच रस्त्यावर माझ्या कानशिलांत कोणी तरी खिळे ठोकीत होते. एका काचेच्या दुकानापुढून जाताना मला माझे प्रतिबिंब दिसले, तोंड किंचित उघडे आणि हात मुठी वळलेले, आणि हा मनुष्य कोठे मारामारीला निघाला आहे असे मला वाटले. राग ही वस्तू मी पुस्तकांत पुष्कळ वेळा पाहिली आहे. तेथे ती नेहमी उसळते, भडकते किंवा अनावर होते. माझा राग तसे काही करीत नव्हता. तो जबड्यात बसला होता, दुखऱ्या दाढेसारखा, आणि चालताना प्रत्येक पावलाला ठणकत होता.

त्या लेखात काय होते हे सांगणे अवश्य आहे. शहराच्या बाहेर दगडाची भुकटी करणारा एक कारखाना आहे. ती भुकटी चाळण्याचे काम बायका करतात. माझी बहीण महाविद्यालयात शिकवते. सुट्टीच्या दिवशी ती एक नळी घेऊन त्या बायकांच्या वस्तीत जात असे. त्या नळीत सर्व बळ एकवटून फुंकर मारावयाची, म्हणजे छातीत किती श्वास उरला आहे ते काट्यावर दिसते. बायका आरंभी हसल्या. “फुंकायचंच आहे तर बाई, फुगे तरी आणा,” असे एकीने म्हटल्याचे ती मला घरी येऊन सांगे आणि मग सांगता सांगता गप्प होई. त्यांतल्या कित्येक जणींना काटा अर्ध्यावरही नेता येत नव्हता. तिचा लेख प्रसिद्ध झाल्यावर मालकाने घाईघाईने धूळ ओढून घेणारे पंखे बसविले, आणि आता बायकांनी भरपाई मागितल्यावर तो म्हणत होता की पंखे पहिल्यापासून आहेत, या बायकांच्या छात्या चुलीच्या धुराने गेल्या. पंख्यांच्या पूर्वी काय होते हे जगात केवळ त्या अठरा पानांवर लिहिलेले होते. बायकांना पुन्हा नळीत फुंकावयास सांगून ते मिळण्याजोगे नव्हते. त्यांतल्या काही जणी फुंकावयास उरल्या नव्हत्या. त्या वेळचा श्वास आता कोठून आणावयाचा? धाकटीजवळ छापून काढलेली प्रत होती आणि माझ्या यंत्रात मूळ पाने होती. पण तिने ती प्रत पुढे करताच वकील म्हणाला होता की घरी तर मीही छापीन, साहेब माझे मेहुणे आहेत म्हणून.

आमचे वडील गेले तेव्हा मी नववीत होतो आणि ती पहिलीत. दोघांपैकी एकाने शिकावे आणि एकाने कमवावे एवढा विचार त्या घरात झाला, तोही कोणी मोठ्याने बोलून दाखविला नाही. मी छापखान्यात लागलो. पुढे छापखाने गेले आणि यंत्रावर पाने लावण्याचे काम आले तेव्हा तेही शिकलो, आणि त्याच ओघात मंडळाचे त्रैमासिक माझ्याकडे आले. विद्वान लोक जे लिहीत ते मी अक्षर न् अक्षर पाहत असे. सगळे कळत नसे. तथापि भाषा कानात बसे. ‘प्रस्तुत’, ‘तद्वत’, ‘असे म्हणणे अप्रस्तुत ठरू नये’, हे शब्द मला एखाद्या मोठ्या वाड्याच्या खांबांसारखे वाटत. त्यांच्या सावलीत उभे राहिले की आपणही त्या वाड्यातले आहोत असे वाटे. घरी मी तसे बोलू लागलो की धाकटी म्हणे, “दादा, तू बोलतोयस की प्रस्तावना लिहितोयस?” मग तिचा स्वतःचा लेख माझ्या हाती आला. तो लावताना मी तिचे नाव मोठ्या टाइपात टाकले नाही, इतर लेखकांच्या नावाइतकेच टाकले, कारण मला पक्षपात करावयाचा नव्हता. मात्र त्या नावाकडे किती वेळ पाहत बसलो हे सांगता येत नाही.

त्रैमासिक पूर्वी कागदावर निघे. मग एक वर्ष असे आले की जो तो इलेक्ट्रॉनिक म्हणू लागला. मंडळाच्या वार्षिक सभेत सर उभे राहिले आणि म्हणाले की कागद पिवळा पडतो, वाळवी खाते, कपाटात कोंडला जातो. आता आपले ज्ञान जगाच्या कानाकोपऱ्यात क्षणात पोहोचेल आणि कधीही नष्ट होणार नाही. टाळ्या वाजल्या. मीही वाजविल्या. ग्रंथालयातील बाईंनी सभेनंतर भीतभीत विचारले की आमच्याकडे ठेवायला निदान एक छापील प्रत द्याल का, तेव्हा सर हसून म्हणाले, “बाई, आता ती तुमच्या घरातच आहे.” त्यानंतर एकही प्रत कागदावर निघाली नाही. सर्व आकाशात ठेवले आणि शिडी कोणाकडे आहे हे कोणी विचारले नाही. मंडळाला वाटले सर पाहतात, सरांना वाटले मी पाहतो, आणि मला कोणी पाहावयास सांगितले नव्हते. अशी चूक अडाणी माणसे करीत नाहीत. अडाणी मनुष्य गाय विकताना दावे कोणाच्या हाती आहे ते बघतो.

मग मान्यतेची यादी आली. अमुक नियतकालिकांत लेख आला तर बढतीचे गुण, नाही तर नाही. देशातल्या यच्चयावत शिक्षकांना एकाच वेळी संशोधनाची तहान लागली आणि गल्लोगल्ली पाणपोया निघाल्या. एका खोलीतून वीस-वीस आंतरराष्ट्रीय नियतकालिके निघू लागली. आज लेख पाठवा, परवा प्रसिद्ध करू, अशी निमंत्रणे मलासुद्धा येत. दाढेचे चित्र लावणाऱ्या मला ‘आदरणीय प्राध्यापक’ म्हणून. परीक्षकांच्या नामावळीत वारलेल्यांची नावे असत आणि ते वारलेले गृहस्थ मुदतीच्या आत अनुकूल अभिप्राय पाठवीत. आमचे त्रैमासिक यात मागे पडले. ते वर्षाला चारऐवजी दोनदा निघे, कारण सर खरोखर वाचून लेख परत करीत. परंतु त्याला एक गोष्ट होती जी नव्यांना मिळत नाही, ती म्हणजे जुना नोंदणी क्रमांक आणि स्वच्छ नाव. चालत नसलेल्या जुन्या दुकानाच्या पाटीसाठी गिऱ्हाईक येते तसा एक दिवस गोडबोल्या आला. त्याचे हे नाव मी ठेवले. तो प्रत्येक वाक्याच्या दोन्ही टोकांना सर लावी. त्याची कंपनी त्रैमासिक ‘सांभाळणार’ होती. सर प्रमुख संपादक राहणार होते, त्यांना त्रास काही नव्हता. तेव्हापासून माझे काम बंद झाले. मला वाईट वाटले आणि मी दंतवैद्यांकडे वळलो.

दार बाईंनी उघडले. बाई म्हणजे सरांच्या पत्नी. “या,” त्या म्हणाल्या, “बऱ्याच दिवसांनी. पाणी घेता?” मी नको म्हणालो ते बहुधा जोरात म्हणालो, कारण त्या मागे सरल्या. सर खिडकीशी खुर्चीत होते, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, पाय स्टुलावर. भिंतीशी जुने छापील अंक ओळीने लावलेले होते. ती ओळ एका ठिकाणी संपत होती आणि पुढे फळीवर औषधाच्या बाटल्या होत्या. मी उभ्यानेच सर्व सांगितले. सांगताना माझ्या लक्षात आले की मी माझी नेहमीची भाषा विसरलो आहे.

सरांना आश्चर्य वाटले नाही. तेथे माझा राग प्रथम जागचा हलला.

“तुम्हाला ठाऊक होतं,” मी म्हणालो.

“मागच्या वर्षी कानावर आलं. असं काही तरी चालतं म्हणून.” ते आपल्या गुडघ्याशी बोलत होते. “ज्यांना बढतीसाठी जुन्या तारखेचा लेख लागतो, त्यांना जुन्या अंकांत जागा देतात. पण मला वाटलं, मोकळ्या जागा असतील तिथं देत असतील.”

“अंकात मोकळी जागा कुठली, सर? पानाला पान लागून असतं. मी लावलंय.”

“बसा ना.”

“करारावर सही तुमची आहे. वाचला होता?”

“माणूस सभ्य वाटला हो. आणि मी त्यातून एक पैसा घेतलेला नाही, देवाशपथ.”

एक पैसाही घेतला नाही. हे ते अशा स्वरात म्हणाले की जणू ती त्यांची बाजू होती. त्यांनी काही घेतले असते तर मला त्यांचा इतका राग आला नसता. लोभ मला समजतो. माझ्या धंद्यात तो रोज भेटतो. परंतु इतकी वर्षे लोकांच्या लेखांतला एकेक स्वल्पविराम तपासणारा मनुष्य स्वतःच्या सहीचा कागद न वाचता देतो, आणि फुकट देतो, याला काय म्हणावे? मला त्यांच्या लाल शाईच्या खुणा आठवल्या. ‘आधार द्या.’ ‘हे कशावरून?’ ‘पुन्हा मोजा.’ धाकटीचा लेख त्यांनी तीनदा परत केला होता आणि ती तीनदा त्या बायकांकडे नळी घेऊन गेली होती. दुसऱ्या खेपेला ती माझ्या दुकानात येऊन रडली होती. मी तिला म्हणालो होतो, सर कडक आहेत म्हणूनच त्या पानाला किंमत आहे.

सरांनी गोडबोल्याला फोन लावला आणि मला ऐकू यावे म्हणून तो टेबलावर ठेवला. त्यांना वाटले असावे की हा प्रश्न त्यांच्यावरून परस्पर सरकेल.

“सर, नमस्कार सर, लेख कुठं जाणार, घरचाच आहे,” गोडबोल्या म्हणाला. “असं करू सर, मॅडमचा लेख येत्या अंकात घेऊन टाकू. नवा म्हणून. त्यांना गुणही नव्यानं मिळतील, फायदाच आहे सर.”

“नाही हो, तारीख जुनी पाहिजे. तेच पान पाहिजे.”

“जुन्या तारखांना फार मागणी आहे सर. ते पान गेलं. अठराव्या खंडात बघू का सर?”

“अठरावा खंड अजून निघायचा आहे,” मी म्हणालो.

“कोण बोलतंय सर?”

सरांनी फोन बंद केला. स्वयंपाकघरात नळ चालू होता तो थांबला. मी म्हणालो, “मला त्याच्याकडून काही नको. तुमच्याकडून दोन ओळी हव्यात. सुट्टी संपायच्या आत.” सरांनी बाईंना कागद मागितला. त्यांनी पत्राचे कागद आणून दिले, मंडळाचे जुने, वर चिन्ह छापलेले, आणि सर लिहू लागले. त्यांचे अक्षर सुंदर आहे. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिले नाही. मला ती सवय नाही, लिहिणाऱ्याला एकटे सोडावे असे मी मानतो. मी जुन्या अंकांच्या ओळीकडे पाहत राहिलो आणि मला वाटत राहिले की हे तरी आहे. याला कोणी पुसून त्यावर मोबाइल छापू शकणार नाही. वाळवीने जरी खाल्ले तरी ती निदान खाल्ल्याची भोके ठेवते.

सरांनी कागद पुढे केला. मी वाचला. ‘उपरोक्त विषयासंदर्भात असे नमूद करावेसे वाटते की, आमच्या स्मरणानुसार व उपलब्ध माहितीच्या मर्यादेत, सदर लेख सदर अंकात प्रसिद्ध झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’

मी ते दोनदा वाचले. इतकी वर्षे मी या भाषेची पूजा केली होती. बायकोशी भांडतानासुद्धा ‘असे म्हणणे अप्रस्तुत ठरेल’ म्हणालो आहे आणि ती त्यावर पोट धरून हसली आहे. ते खांब, तो वाडा. आणि आता मी पहिल्यांदा त्या वाड्याला आतून पाहत होतो, तर आत कोणीच राहत नव्हते. नुसते खांब. कोणी हाक मारली तर एका खांबाआडून दुसऱ्या खांबाआड जाता यावे, एवढीच त्यांची सोय.

“शक्यता?” मी म्हणालो. “तुम्ही तीनदा परत पाठवला होता तो. तीनदा. तुम्हाला शक्यता वाटते?”

“कायदेशीर भाषा अशीच असते.”

“त्या बायकांना फुंकायला लावलं तुम्ही पुन्हा, सर. आकडा कशावरून, म्हणून. त्यांनी असं सांगितलं असतं का, की श्वास गेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही?”

सरांनी लेखणी माझ्याकडे सरकविली. रागाने नव्हे, थकून. “मग तुम्ही लिहा. मी सही करतो.”

मी लेखणी घेतली. आणि सांगावयास शरम वाटते, माझ्या हातून पहिला शब्द उतरला तो ‘प्रस्तुत’. मी तो खोडला. नंतर ‘याद्वारे’ आला, तोही खोडला. माझ्याजवळ दुसरी भाषाच शिल्लक नव्हती की काय अशी भीती वाटली. घड्याळाकडे पाहिले. मग मी डोळे मिटून धाकटी फोनवर कशी बोलते ते आठवले आणि नव्या कागदावर लिहिले : हा लेख याच पानावर छापला होता. मी तो स्वतः तीन वेळा तपासला होता. नंतर मी न वाचता त्रैमासिक दुसऱ्याच्या हवाली केले आणि त्याने हा लेख पुसून तिथे दुसरा बसवला.

सरांनी तो कागद बराच वेळ पाहिला. मग स्वतःच्या हाताने चिन्हाच्या दुसऱ्या कागदावर उतरवून काढू लागले. पहिले वाक्य लिहिले. दुसरे लिहिले. नंतर लेखणी थांबली.

“हे तिसरं नको.”

“खोटं आहे?”

“खरं आहे. म्हणूनच म्हणतो.” बाई दारात येऊन उभ्या होत्या. सरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिले. “हे लिहिलं तर मधले सगळे अंक संशयात येतात. सहाव्या खंडात आमच्या जावईबापूंचा लेख आहे. जुन्या तारखेचा. त्यावर बढती झाली त्यांची. मला आधी माहीत नव्हतं, नंतर कळलं. मुलीचं घर आहे हो ते.”

बाई म्हणाल्या, “तुमची बहीण तशी आमची लेक. तुम्हीच सांगा.”

मी काय सांगणार होतो? त्यांची लेक एका घरात राहते आणि तिच्या घराच्या पायाला माझ्या बहिणीच्या पानासारखेच एक पान लावलेले आहे. मला दया आली नाही. येईल असे वाटून मी क्षणभर वाट पाहिली, पण ती आली नाही. आला तो आणखी राग, आणि या वेळी त्यात माझ्या दुकानाचा, माझ्या टाळ्यांचा, त्या निळ्या रेघेचासुद्धा समावेश होता. मी म्हणणार होतो की तिसरे वाक्य लिहिल्याशिवाय मी या खोलीतून जाणार नाही. मी खुर्ची ओढलीसुद्धा. तेवढ्यात फोन वाजला.

“साहेब जेवून आले,” धाकटी म्हणाली. “झाला कागद?”

“दोन वाक्यं झालीत. तिसरं लिहीत नाहीयेत.”

“दोनात काय आहे?”

मी वाचून दाखविली.

“पुरे. सही घे आणि ये.”

“धाकटे, यांचा जावई—”

“दादा, जावई नको मला. ये.”

मी सही घेतली. निघताना सर म्हणाले, “सांभाळून जा.” मी उत्तर दिले नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या घरातून उत्तर न देता निघण्याची ती पहिलीच वेळ होती आणि तेवढ्यानेही माझे काही समाधान झाले नाही.

कामगार अधिकाऱ्यांची खोली लहान होती. कागद त्यांच्यापुढे गेला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि वकिलाकडे दिला. वकील तरुण होता, त्याच्या बोलण्यात द्वेष नव्हता, खेळणाऱ्याची मजा होती. तो म्हणाला, “साहेब, मला या पत्राबद्दल आदरच आहे. फक्त एक बघा. या मोबाइलच्या पानावर प्रमुख संपादक म्हणून नाव कोणाचं आहे? याच सरांचं. मग एकाच पानावर त्यांनी दोन लेख छापले की काय? बाईंचा श्वास आणि मोबाइलचा रंग, एकावर एक?”

साहेबांनी धाकटीकडे पाहिले. “बरोबर आहे त्यांचं. दोन्ही कसं खरं असेल?”

याचे उत्तर तिसऱ्या वाक्यात होते आणि ते वाक्य सरांच्या टेबलावर खोडाखोडीच्या कागदावर पडले होते. धाकटीने माझ्याकडे वळून पाहिले. मी मागच्या बाकावरून उठलो आणि ते म्हटले. म्हटले म्हणजे पाठ केल्यासारखे एका दमात म्हटले, फक्त ‘मी’च्या जागी ‘सरांनी’ घातले.

“तुम्ही कोण?” साहेबांनी विचारले.

“मी ते पान लावलं होतं.”

“शिक्षण?”

“नववी.”

वकिलाने खाली पाहून आपला टाय सारखा केला. साहेब म्हणाले, “संपादकांनी हे लिहून का दिलं नाही?”

माझ्यापुढे जावई होता, मुलीचे घर होते, बाईंचा पडलेला चेहरा होता. मी म्हणालो, “लाज वाटली त्यांना.” साहेबांनी लेखनिकाला ते लिहून घ्यावयास सांगितले नाही. थोड्या वेळाने म्हणाले की पत्र नोंदवून घेतो. यांचं म्हणणं तोंडी आहे, संपादकांना समक्ष बोलवावं लागेल. निर्णय पुढच्या तारखेला. संपले. खुर्च्या सरकल्या.

दाराबाहेर धाकटी म्हणाली, “भांडला नाहीस ना?”

“नाही.”

“या वेळी भांडायला हवं होतंस,” ती म्हणाली आणि कोपराने माझ्या दंडाला हलकेच ढोसले. मला ते सहन झाले नाही. ती रागावली असती तर बरे झाले असते.

व्हरांड्यातील बाकावर बायका बसल्या होत्या. त्यांतली एक, पदराने तोंड झाकून खोकणारी, उठून माझ्यापाशी आली. “तुम्ही का ते पान लावणारे भाऊ?” मी हो म्हणालो. “माझी थोरली जाऊ होती त्यात. मागच्या साली गेली. तिचं नाव होतं ना?” मी सांगितले की नावे नव्हती, लेखात तशी पद्धत नसते, नुसते क्रमांक असतात. “मग ती कुठली त्यातली?” मला ठाऊक नव्हते. ते पान मी लावले होते, कोष्टकाच्या रेघा मी ओढल्या होत्या, प्रत्येक आकडा आपापल्या घरात नीट बसवला होता, आणि कोणता आकडा कोणाचा हे मी कधी विचारले नव्हते. धाकटीने पिशवीतून आपली घरी छापलेली प्रत काढली, वकील हसला होता तीच, कोष्टकाचे पान उघडले आणि एका ओळीखाली नख ठेवले. बाई वाकून बघू लागली. तिला वाचता येत नसावे, पण आकडे येत होते. तिने तो आकडा पाहिला, मग वरचा पाहिला, खालचा पाहिला आणि पुन्हा तिथे आली.

“एवढाच?” तिने विचारले.

“तीनदा मोजला होता,” धाकटी म्हणाली. “एवढाच होता.”